बाल्कनीतली सीडी

रेडिओ दुरुस्त करणाऱ्या दादाने धाकट्या बहिणीला वाढदिवसाला घरीच सीडी भरून दिली. गेलेल्या आईची गाणी एका जुन्या कॅसेटवर उरली होती. त्यातली खरखर त्याने काढली, आईचा खोकला मात्र मुद्दाम ठेवला; सीडीत काय आहे ते बहिणीला सांगितलं नाही.

आठवड्याने तो बहिणीकडे गेला, तर सीडी कबुतरं हाकलायला बाल्कनीत दोरीला लटकलेली, वर त्यांचीच घाण!

"ऐकलीस तरी का?"

"ऐकली की. कोण रे ती म्हातारी? सारखी खोकत होती, डोकं उठलं माझं."

दादाने दोरी तोडली, सीडी शर्टाला पुसली.

"अरे, ती कुठे नेतोस?"

"आईला माझ्याकडे नेतोय. तुझ्याकडे तिचे फार हाल होतात."