वत्सलाची मशीन आणि माझा भाता

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. भावाला नाही, कचेरीतल्या जिवाभावाच्या मित्राला नाही, देवापुढेही नाही — तिथे हात जोडून मी नेहमी दुसरंच काहीतरी पुटपुटत राहिलो. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणून जीभ सैल सुटतेय का? की जवळचे वाटता म्हणून? असो. ऐका.

मी बालाघाटला जंगल खात्यात कारकून होतो. हात दिवसभर शाईत, मन मात्र लोखंडात. तापलेल्या लोखंडाचं मला लहानपणापासून वेड. ते केशरी होतं, घणाखाली मऊ पडतं, आपण म्हणू तसं वाकतं — कचेरीत माझं इतकं कोण ऐकायचं? साठ सालानंतर कधीतरी मी मागच्या अंगणात छपरी टाकली, मातीची भट्टी रचली. भंगारवाल्याकडून छोट्या रेल्वेलाईनच्या रुळाचा तुकडा आणला, ती माझी ऐरण झाली. पहिलं उलथणं केलं ते इतकं वाकडं झालं, की वत्सला — माझी बायको — हसून हसून पाटावरून उठेना. पण पुढे जन्मभर तिनं पोळी त्याच उलथण्यानं उलटली. अशी होती ती.

अडत होतं ते वाऱ्यापाशी. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून मी पंख्याचा भाता केला, त्याला सायकलचं चाक जोडलं. पण ते हातानं फिरवायचं. एक हात असा अडकला, तर लोखंड कोण उलटवणार, कोळसा कोण सारणार? मला पायानं चालणारं काहीतरी हवं होतं. खाली पायडल, बाजूला जड चाक, त्यावरून पट्टा. आणि नेमकं असं यंत्र माझ्याच घरात, खिडकीपाशी उभं होतं.

वत्सलाची शिलाई मशीन. तिच्या वडलांनी कटंगीहून बसच्या टपावर बांधून आणलेली. आम्हाला मूल नव्हतं. दुपारी गल्लीतल्या पोरी तिच्याकडे शिवण शिकायला यायच्या आणि घर भरून जायचं. कधी लवकर घरी आलो तर फाटकातूनच त्यांचं खिदळणं ऐकू यायचं. त्या घोळक्यात वत्सला किती खुललेली असायची! हे सगळं मला दिसत होतं — दिसत होतं, आणि तरी माझे डोळे पायडलवर असायचे.

मागितलं असतं तर? तिनं दिलं असतं, याची मला आजही खात्री आहे. मग मागितलं का नाही? कारण मग तिनं काय दिलं, ते तिच्या लक्षात राहिलं असतं, आणि माझ्याही. मला वस्तू हवी होती, उपकार नको होता.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा. विळा, अडकित्ता, माझा घण, तिची मशीन — सगळं पुसायचं, तेल द्यायचं, मांडून पूजा करायची, आणि त्या दिवशी कशालाही कामाला जुंपायचं नाही. पुसापुशी माझ्याकडे. त्या सकाळी मी मशीन पुसली, तेल घातलं, आणि — सुई धरणाऱ्या दांड्याचा स्क्रू सैल केला. दांडा तांदळाच्या दाण्याएवढा वर सरकवला. स्क्रू पुन्हा आवळला. एवढंच. सुई पुरती खाली जात नाही, दोरा धरला जात नाही, टाका पडत नाही. बाहेरून काही कळत नाही. वत्सलानं त्याच मशीनला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. मी शेजारी हात जोडून उभा होतो.

शटल झिजलंय, आता दुरुस्ती नाही — माझं खोटं तयार होतं. ते वापरायची वेळच आली नाही. संध्याकाळी एका पोरीची आई दसऱ्याचा फ्रॉक घेऊन आली, नुसती बाही जोडायची राहिली होती. त्या दिवशी मशीन चालवायची नसते, पण पोरीचं तोंड पाहून वत्सला बसली. टाका पडेना. तिनं दोरा बदलला, सुई बदलली. मग पायडलवरून पाय काढून घेतले.

“आज तिले हात लावाले नोता पायजे,” ती म्हणाली. “अवो, कोपली ती माह्यावर.”

आणि मी? मी म्हणालो, “पाहू, होईन नीट.” दुसऱ्या दिवशी पेचकस घेऊन खोटंच खुडखुड करत बसलो आणि मान हलवली.

पोरी हळूहळू यायच्या बंद झाल्या. दुपारचं घर गप्प झालं. दिवाळी झाल्यावर तीच म्हणाली, “मशीन तं गेली. पायडल तुमच्या भात्याले लावून घ्या, कोण्या कामाले तरी येईन.” मी आढेवेढे घेतले — तेही नाटकच — आणि हो म्हणालो.

खरं सांगू? पुढची वर्षं आमच्या संसारातली सगळ्यांत गोड. मी भट्टीपुढे, ती पायडलवर. “मले पाय माराची सवय हाय,” म्हणत ती जागा तिनंच घेतली. माझ्या विळ्यांना नावं ठेवायची, ठिणगी उडाली की मलाच रागवायची, आणि पाहुण्यांना मात्र माझी वाकडी कामं कौतुकानं दाखवायची. फार प्रेम होतं माझं तिच्यावर. बचाव म्हणून नाही सांगत. प्रेम होतं, आणि हेही होतं.

मशीनचा वरचा भाग तिनं कोनाड्यात ठेवला होता. दर नवमीला त्याच्यापुढे पदर पसरून ती माफी मागायची. मी तेव्हा काहीतरी काम काढून अंगणात जायचो.

मग तिच्या हाताखाली शिकलेल्या कमलचं लग्न ठरलं. वत्सलाला वाटलं, मशीन तिलाच द्यावी, सासरी कुणी दुरुस्त केली तर केली. तिच्या नकळत मी दांडा पुन्हा जागेवर आणला. वाटलं, एवढ्यानं थोडं तरी फिटेल.

कमल लामत्याला दिली होती. तिच्या नवऱ्यानं मशीनला हातानं फिरवायची मूठ लावून घेतली. वत्सला तिला भेटून परत आली ती पिशवीसकट थेट छपरीत. “चालते! अवो, सरसर चालते!” किती आनंद झाला होता तिला. मग ती पायडलपाशी बसली आणि आपल्या हातांकडे पाहत राहिली.

“पोरीवर राग नाही तिचा,” ती म्हणाली. “माह्यावरच होता.”

मी सांडशीनं लोखंड जाळात सारलं. तिनं पाय मारायला सुरुवात केली.

ती गेली, तेव्हाही तेच मानून गेली. मी तिला सांगितलं नाही.