आबांच्या खोलीतला वास

धुळ्यात आमच्या कॉलनीत नळाला पाणी पुन्हा कधी येईल हे कोणी खात्रीने सांगत नाही, म्हणून घरातल्या पाण्याचा हिशेब मी स्वतः ठेवतो. आंघोळ पसरट टबात बसून करायची, म्हणजे ते पाणी टबात राहतं आणि नंतर संडासात ओतायला होतं. ही पद्धत मीच घरात बसवली. मोरीच्या जाळीतून एक तांब्याही वाया जाऊ नये, असा माझा दंडक.

"अहो, त्या जाळीला कुलूप लावा ना एकदाचं," बायको म्हणायची.

आई गेल्यावर वडील, म्हणजे आबा, चाळीसगावकडे गावात एकटेच राहत होते. या उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांना कसंबसं तयार करून इकडे आणलं. त्यांना रात्री उठावं लागतं, म्हणून मागची खोली दिली. तिला लागूनच संडास आणि मोरी आहे. तोवर ती खोली पाहुण्यांपुरतीच होती. पाहुणे काही टबात बसत नसत, सरळ पाणी ओतून मोकळे होत, आणि मी मनातल्या मनात चरफडत असे. आबा मात्र पहिल्या दिवसापासून टबात बसले.

ऊन तापलं आणि त्या खोलीत वास सुरू झाला. रस्त्यावरच्या गटारीचं झाकण उघडल्यावर येतो तसा, दुपारी जास्त.

मी ॲसिडने संडासाचं भांडं घासलं. फरशी फिनाइलच्या ओल्या फडक्याने पुसली; ओतलं असतं तर धुवायला बादली लागली असती. डांबरगोळ्या टांगल्या. उदबत्ती लावली, तर उदबत्ती आणि गटार असा मिळून तिसराच वास तयार झाला. हवा बाहेर फेकणारा पंखा बसवला, आणि तो चालू केला की वास दुप्पट. हे कोणाला सांगायची सोय नव्हती. प्लंबर आला, दारातूनच नाकाला रुमाल लावून म्हणाला, "शेठ, फरशी फोडावी लागेल. सीटखालचं सिमेंट गेलेलं दिसतंय."

"तुला दारातून दिसलं?"

"अनुभव असतो ना, शेठ."

बायको मागून म्हणाली, "आता फरशी फोडा, मग भिंत, मग आपण सगळेच गावाला जाऊ."

शेजारचं कोणी आलं की आबा उठून बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसत. धोतर रोज स्वतःच टबात धूत, तेही दोनदा. सकाळी भरून ठेवलेला त्यांचा तांब्या संध्याकाळी जवळपास तसाच असे. या उन्हात! मी रागावलो, तर म्हणाले, "तहान नही लागस, भाऊ."

एका सकाळी मोरीत धाडकन आवाज झाला. आंघोळीनंतर उठताना आबांना चक्कर आली होती. त्यांनी आधाराला टब धरला आणि तो टबच उलटला. मी धावत गेलो तेव्हा ते भिंतीला टेकून बसले होते आणि टबातलं सगळं पाणी जाळीतून खाली चाललं होतं.

"पानी गयं ना बठ्ठं," हे त्यांचं पहिलं वाक्य.

डॉक्टर म्हणाले, लागलं काही नाही, पण अंगातलं पाणी फार कमी झालंय. परत आल्यावर मी सरळ विचारलं, पाणी का पीत नाही? आबा जमिनीकडे बघत म्हणाले, "वास मनाच शे, भाऊ. म्हातारा मानूसना येसच. पानी कमी पेस, मंग जावानं काम कमी. तू माले गावनी गाडीमा बसाडी दे." पिशवी भरून कॉटखाली ठेवलेली होती.

मी इतके दिवस फरशीला, सिमेंटला, प्लंबरला दोष देत फिरत होतो, आणि खोलीतला माणूस तो वास आपल्याच अंगाचा समजून तहानेला बसला होता.

दुपारी, वास सर्वांत जास्त येण्याच्या वेळी, मी त्या खोलीत गेलो. वास नव्हता. आबाही हुंगत होते. "देख," ते म्हणाले, "पानी कमी पेऊ लागनू, वास गया."

आता ही समजूत पक्की झाली तर संपलंच. मी विचार केला, आज वेगळं काय झालं? एकच, टब सांडला. मोरीतली जाळी उचलली. खाली वाटीसारखा खोलगट भाग असतो, त्यात पाणी साचून राहिलं की गटारीची हवा वर येत नाही. आज ती वाटी भरलेली होती. एरवी माझ्या पद्धतीमुळे तिथे थेंबही जात नव्हता, आणि असलेलं उन्हाने वाळून गेलं होतं. पंखा तर ती गटारीची हवा आणखीच वर ओढत होता.

आबांना स्टुलावर बसवलं. त्यांच्यासमोर फडक्याने ती वाटी कोरडी केली आणि दार लावून आम्ही थांबलो. थोड्या वेळात तोच वास. तांब्याभर पाणी ओतलं, पंखा लावला, वास ओसरला.

आबांनी स्टुलावरूनच वाकून जाळीखाली पाहिलं. "म्हंजे तू पानी वाचाडं म्हनीसन वास उना?"

"हो, आबा."

"आनि मी तहान्या ऱ्हायनू."

मी त्यांचा तांब्या भरून त्यांच्या हातात दिला. बायकोने पिशवी उचलून रिकामी केली.

आता ते सकाळी एक तांब्या जाळीत ओततात आणि एक स्वतः पितात. तरी संध्याकाळी विचारतातच, "वास येस का?" मला नाही, बायकोला.