मामाची सुपारी आन् सरकारचा बाँड

जोतीराम आमचा धाकटा भाऊ. सख्खा. जिल्ह्यात डॉक्टर पायलीला पन्नास असतील, पर त्याच्यावानी दुसरा न्हाय. आन् त्याला शिकवला कुणी? थोरल्यानं. थोरला म्हंजे मीच, पर सोताचं नाव कशाला मिरवायचं! चौथी पास गडी, सोलापुरात गिरणीत खपला, पर भावाला कमी पडू दिलं न्हाय.

चौऱ्याहत्तर साली जोतीला मेडिकलला सीट लागली, खेड्यातल्या पोरांच्या कोट्यातनं. सरकार म्हनलं, स्टायपेंड देतो. पर डॉक्टर झाल्यावर खेड्यात नोकरी करीन असा बाँड लिहून दे, आन् जमीनवाला जामीन आन. मुदत उद्यापत्तुर. न्हायतर सीट म्होरच्या पोराला.

थोरल्याच्या नावावर ढेकूळबी न्हाय. मग आई, थोरला आन् जोती तिगं माढ्याकडं मामाच्या मळ्यात गेले.

आप्पामामा म्हंजे उसावर फुगलेला गोचीड. च्यात साकर जास्त पडली तरी बायकोवर डोळं वटारायचा. जामीन म्हनताच मिशीवर हात फिरवला.

"करतो की सही. पर आदी सुपारी फोडू. माजी पोरगी फुला तुला. सरकारचा बाँड चार वर्साचा, माजा जल्माचा!" आन् सोताच खिदळला.

जोती व्हय म्हनला तर सीट हातात. पर फुला सातवीत. दिवाळीत त्यानंच तिला गणितं शिकवलेली.

"मामा, न्हाय जमायचं. तिला शिकू द्या."

"मग चालता हो! कोट्यातला डागदर! माज्या बैलालाबी हात लावू देनार न्हाय."

"बैल शाना हाय, मामा," थोरला म्हनला, "त्याला इलाजाची गरज न्हाय. तुमाला हाय."

मामा धावूनच आला असता, पर आई उठली.

आई म्हंजे दगडाबाई. भावाम्होरं कदी मान वर न केलेली. भाऊबीजेला इटका खण मिळाला तरी कपाळाला लावनारी.

"आप्पा, आपल्या आबाच्या माघारी ह्या जमिनीला तुज्यासंगं माजंबी नाव लागलंय न्हवं?"

"लागलंय की. हक्कसोडीवर तुजा अंगठा घ्यायचा तेवडा ऱ्हायलाय. भन कुटं पळून जातीया?"

भनीला कचेरीत न्यायचं तर एस.टी.चं भाडं पडतंय, म्हनून ह्या कंजुसानं ते काम वर्सानुवर्सं ढकललं हुतं.

"कुटंच न्हाय पळत," आई म्हनली. "उद्या कालेजात जाते. जमीनवाली मीबी हाय की. मीच जामीन ऱ्हाते."

"बायामानसं जामीन ऱ्हात्यात व्हय?" मामा हसला, पर हसता हसताच टोपी काडून डोकं खाजवाया लागला. भनीचा वाटा सरकारच्या बाँडात अडकला, तर हक्कसोड कशी व्हनार!

दुसऱ्या दिवशी सकाळी कालेजच्या दारात मामा आमच्या आदी हजर. तोंडाला पानी लावलेलं न्हाय, टोपी वाकडी.

"अक्का, तू अंगठा ठिवू नगंस. मीच करतो सही. सुपारी ऱ्हाऊ दे."

"कर की," आई म्हनली.

मामानं सही केली. थोरल्यानं म्होरं उबं राहून करवून घेतली. मग मामानं बंडीतनं हक्कसोडीचा कागद काडला आन् शाईचा प्याड आईच्या म्होरं सरकवला.

आईनं हात पदरात घेतला.

"आदी पोराचा बाँड फिटू दे, आप्पा. मग बगू."