तहानेली केळ

माझी मनू तीन वर्षांची झाली तरी ‘आई’सुद्धा म्हणत नव्हती. त्या काळजीनं झोप उडायची, आणि मग अंथरुणात पडल्या पडल्या लॅबमधल्या गमती आठवून मी एकटीच हसायची. इतके किस्से साठले ते असे!

मी तेव्हा जळगावच्या एका कॉलेजात एम.फिल. करत होते. विषय, केळीच्या पानावरची बारीक छिद्रं, म्हणजे पर्णरंध्रं, कधी उघडतात नि कधी मिटतात. नवरा दीपनगरच्या वीजकेंद्रात शिफ्टमध्ये. मुलीला लॅबमध्ये आणू का, असं माझ्या गाईड सरांना भीतभीतच विचारलं.

“आणा की! न बोलणारी विद्यार्थिनी मला आजवर मिळालीच नाही!”

दुसऱ्या दिवशी खिडकीशी मनूसाठी छोटं स्टूल तयार होतं.

*

छिद्रांचा ठसा घ्यायला पानाला बिनरंगी नेलपॉलिश लावायचं, वाळलं की सोलून मायक्रोस्कोपखाली धरायचं. ते आणायला सर स्वतः बांगड्यांच्या दुकानात गेले.

“वहिनींसाठी का?”

“नाही हो, केळीसाठी!”

दुकानदारानं बाटली गुंडाळली आणि हळूच विचारलं, “सर, तब्येत बरी आहे ना?”

*

पाणी कमी पडलं की झाडात अ‍ॅब्सिसिक अ‍ॅसिड नावाचं हार्मोन वाढतं आणि छिद्रं मिटतात. गंमत म्हणजे भरपूर पाणी प्यालेल्या झाडावर तेच फवारलं, तरी मिटतात!

आमचे लॅब असिस्टंट नाना सावद्याचे, केळीवाल्या घरातले. ते म्हणाले, “म्हंजे पोट भरेल अन् सोंग उपाशाचं? हे हार्मोन आमच्या जावयात लई हाये!”

*

मनूनं बोलावं म्हणून मी दिवसभर तिच्यापुढे बडबडायची. शेवटी नानाच म्हणाले, “ताई, तिले बोलाले जागा त ठेवा!”

*

मग खरा प्रयोग. काही कुंड्यांचं पाणी तोडलं. त्यांची छिद्रं मिटायलाच हवीत. बघते तर सताड उघडी! पुन्हा ठसा घेतला, पुन्हा उघडी. माझंच काहीतरी चुकतंय, एम.फिल. बुडालं, असं मी धरूनच चालले.

सरांनी सगळ्यांना कुंड्यांपाशी उभं केलं. “पाणी कोण घालतंय?”

मी ‘नाही’ म्हणून मान हलवली. नाना छताकडे बघत राहिले.

खिडकीतल्या स्टुलावरून आवाज आला, “नाना!”

सगळ्यांच्या माना खिडकीकडे वळल्या.

“हाव, मीच,” नाना डोळे पुसत म्हणाले. “तहानेली केळ पाह्यली की मले घास उतरत नही. पन सर, पोरगी बोलली ना हो!”

सर प्रयोग विसरून चष्मा पुसत होते. मी मनूला उचलून घेतलं. “अजून बोल गं राणी, अजून!”

मनू नानांकडे बघून म्हणाली, “मीबी पाजलं!”