कानाचं मशीन

मी शाळेत मराठी शिकवलं, म्हणून हल्ली लोक लग्नातली वचनं माझ्याकडून लिहून घेतात. भाचीला वचनात चंद्र हवा होता आणि तिच्या नवऱ्याला स्वयंपाक नको होता. दोघांचंही जमवलं.

शेजारच्या साठीतल्या मालूताई दुसऱ्यांदा बोहल्यावर चढायच्या होत्या, तेव्हा मी हौसेनं त्यांच्यासाठी आणि नवरदेव अप्पांसाठी पानभर लिहून नेलं. त्यांनी ते वाचून परत दिलं.

“छान आहे हो. पण अप्पांना एवढंच लिहून द्या, की मी बोलताना कानाचं मशीन काढायचं नाही. आणि मला, की मी आवाज चढवायचा नाही.”

मी जरा घुश्शातच तेवढं लिहून दिलं.

लग्नात अप्पांचं वचन म्हणून झालं आणि मालूताई हळूच म्हणाल्या, “मी कधी आवाज चढवणार नाही.”

अप्पा नुसते गोड हसले. सनईचा त्रास होतो म्हणून मशीन केव्हाच खिशात गेलं होतं.

“अहो, मशीन!” मालूताई ओरडल्या.

दोन्ही वचनं अर्ध्या मिनिटात मोडली. मांडव हसत सुटला. अप्पांनी घाईघाईनं मशीन कानात बसवलं आणि मालूताईंकडे वळून म्हणाले, “हं, आता पुन्हा म्हणा.”

माझ्या पानभर मजकुरात हे वाक्य कुठंच नव्हतं.