काकांनी मागे ठेवलेल्या बाटल्या

निवृत्त पोलिसाला एखादी घटना सांगायला सांगितली की तो खून नाहीतर दरोडा सांगतो. मला मात्र आजही आठवतात त्या एका खाटेखाली सापडलेल्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बाजारात नवनवी कीटकनाशके येत होती आणि बडोद्याजवळच्या पादरा गावातल्या दुकानांत त्यांच्या रंगीत जाहिराती लागत होत्या. मी त्याच तालुक्यातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. जन्म बडोद्याचा, वडील प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये. त्यामुळे रिपोर्ट लिहायचा गुजरातीत, दम द्यायचा हिंदीत आणि घरी जाऊन जेवायचे मराठीत, हे अंगवळणी पडलेले होते.

एका सकाळी वांग्याचे पीक घेणारा एक शेतकरी ठाण्यात आला आणि त्याने माझ्या टेबलावर औषधाची बाटली आदळली.

"साहेब, आ शीशी मारी छे. मारीज शीशी मने पाछी वेची!"

ह्याचीच बाटली ह्यालाच परत विकली, हे ऐकून जमादार हसू लागला. मी बाटली उलटी केली. तळाला विळ्याच्या टोकाने कोरलेली फुली होती. हा शेतकरी आणि त्याचा चुलतभाऊ फवारणीचा पंप एकत्र वापरत. औषधांची अदलाबदल होऊ नये म्हणून हा आपल्या बाटलीवर फुली कोरत असे. औषध संपले की रिकामी बाटली तो देऊन टाकायचा. आता दुकानातून आणलेल्या नव्या, सीलबंद बाटलीवर त्याला आपलीच फुली दिसली होती. आतले औषध त्याने फवारले होते. अळी मेली नाहीच, उलट माजली. वांग्याचा सगळा तुकडा हातचा गेला होता.

चौकशी केली तेव्हा असे आणखी काही जण निघाले. ते तक्रार द्यायला आले नव्हते. कुणी म्हणे माझे माप चुकले, कुणी म्हणे वारा होता. माझा अनुभव असा, की शेतकरी आधी स्वतःला दोष देतो, मग हवेला, आणि दुकानदाराला सगळ्यांत शेवटी.

"रिकाम्या बाटल्या देतोस कुणाला?" मी विचारले. तो म्हणाला, दक्षिणीकाकांना. सगळे त्यांनाच देतात.

मराठी माणसाला 'दक्षिणी' म्हणायची आमच्याकडे जुनी रीत आहे. या काकांचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते. त्यांना इथे जमिनीचा तुकडा मिळाला आणि घराणे इथेच राहिले. पंचक्रोशीत मराठी घर ते एकच. काका सायकलला पोती अडकवून शेतोशेत फिरत आणि बाटल्या गोळा करत. त्या प्लास्टिकच्या बाटल्या बडोद्याला वितळवून गाळायला जातात, त्यांच्या बादल्या होतात, असे ते सगळ्यांना सांगत.

दोन पंच घेऊन आम्ही त्यांच्या शेतावर गेलो. एक खोली, पुढे हौद, हौदाच्या कठड्यावर उलट्या टाकलेल्या बाटल्या. त्या औषधाचा उग्र वास सगळ्या अंगणात भरला होता. काका एक बाटली धूत होते. बाहेरचे लेबल भिजू नये म्हणून तिला प्लास्टिकची पिशवी बांधलेली होती. झाकणे वेगळ्या टोपलीत जपून ठेवली होती. बडोद्याच्या भंगारवाड्यांत मी बायकांना काम करताना पाहिले होते. गाळायच्या बाटलीचे झाकण त्या आधी उडवतात आणि लेबल ओरबाडून काढतात. लेबल जपतो तो, ज्याला बाटली पुन्हा भरायची असते.

इतक्यात जमादार आतून ओरडला, "साहेब, माल छुपाव्यो छे!" खाटेखाली एक पोते होते, त्यात धुतलेल्या बाटल्या. म्हातारा स्वतःचा वेगळा धंदाही चालवतो, अशी आम्हा सगळ्यांची खात्री झाली. पंचनामा झाला, मुद्देमाल जीपमध्ये चढला आणि काकांना ठाण्यात आणले.

जमादाराने गुजरातीत विचारपूस सुरू केली. बाटल्या कुणाला देता? "खबर नथी." पोते का लपवले? "खबर नथी." आवाज चढला, टेबलावर हात आपटला, तरी तेच. खोटे बोलणारा माणूस सहसा दाराकडे पाहतो. हे काका माझ्या छातीवरच्या नावाच्या पट्टीकडे पाहत होते.

"साहेब, तुम्ही आपले काय?" त्यांनी एकदम मराठीत विचारले.

"हो काका. बडोद्याचा. प्रतापनगर."

"घरी मराठी बोलता ना अजून?"

मी जमादाराला बाहेर पाठवले आणि दोन चहा मागवले. काका बोलू लागले, पण गुन्ह्याबद्दल एक अक्षर नाही. बायको गेली. मुलगा नोकरीसाठी सुरतेला. "नातू फोनवर 'केम छो, दादा' म्हणतो आणि आईकडे फोन देऊन पळतो. त्याची काय चूक, त्याला मराठी येतच नाही." मी ऐकत राहिलो. चहा संपला तेव्हा विचारले, "काका, बाटल्या गाळायला जातात, तर लेबल कशासाठी जपायचं?"

"मला कळत नव्हतं असं नाही, साहेब. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तो यायचा बंद झाला असता."

"तो कोण?"

"स्कूटरवर येतो, दर सोमवारी. पादरा गावात औषधाच्या दुकानात कामाला आहे. पण मूळचा बडोद्याचा, आपला मराठी. चहा घेतो, घटकाभर बसतो. माझ्याशी मराठी बोलणारं तेवढं एकच माणूस उरलंय."

"आणि खाटेखालचं पोतं?"

काका खाली पाहत म्हणाले, "सगळ्या देऊन टाकल्या तर तो परत कशाला येईल? थोड्या मागे ठेवायच्या. म्हणायचं, अजून धुवायच्या राहिल्यात, पुढच्या सोमवारी या."

नोकरीत मी पुष्कळ कबुलीजबाब ऐकले. खुनाचेही ऐकले. त्या दिवशी मात्र जबाब लिहिणारा माझा हात थांबला.

तरी काम काम होते. मी त्यांना त्या शेतकऱ्याची वांगी गेल्याचे सांगितले. काकांनी मान वर केली. "त्याची गेली? गेल्या हंगामात पिशवी भरून वांगी दिली होती त्यानं मला." डोळे पुसून ते म्हणाले, "सोमवारी येईल तो. मी बसवून ठेवतो. पण त्याचा चहा संपेपर्यंत थांबा, एवढं ऐका माझं."

सोमवारी आम्ही साध्या कपड्यांत तुरीच्या पिकात दबा धरून बसलो. स्कूटर आली. काकांनी खाट झटकली, चहा केला. दोघांचे बोलणे आमच्यापर्यंत येत होते. हिवाळा उशिरा आला, गुडघा दुखतो, बडोद्यात रिक्षावाले फार माजलेत, असलेच सगळे. एकदा तर काका मोठ्याने हसले. जमादार मला सारखा खुणावत होता. मी हात आडवा धरून त्याला थांबवले. कप जमिनीवर टेकला तेव्हाच आम्ही उठलो.

पुढचे सरळ होते. त्या माणसाने दुकानदाराचे गोदाम दाखवले. तिथे रंगीत पाण्याचे पिंप आणि सील मारायचे यंत्र सापडले. नमुने प्रयोगशाळेत गेले, आरोपपत्र दाखल झाले. काकांना मी आरोपी न करता साक्षीदार केले. त्यावरून वरिष्ठांशी माझी थोडी वादावादीही झाली.

गुन्हा थांबला. शेतकरी रिकाम्या बाटल्यांना भोके पाडू लागले आणि ते योग्यच होते. पण त्याबरोबर काकांचे शेतोशेत फिरणेही थांबले. त्यांना दारात कुणी उभे करीना. साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात ते आरोपीजवळ गेले आणि म्हणाले, "गुडघा कसा आहे तुझा?" त्याने तोंड फिरवले. काका माझ्याकडे आले.

"साहेब, सोमवारी तुम्हाला काही काम असतं का?"

बदली होईपर्यंत मी जमेल तेव्हा गेलो. जीपचा आवाज ऐकला की ते चुलीकडे वळत. मग माझी बदली लांब झाली. पुढे अपिलात फेरसाक्षीसाठी त्यांना समन्स निघाले. ते 'इसम मयत' असा शेरा घेऊन परत आल्याचे मला कळले. त्या दिवशी मी फार एकटा पडलो, घरात माणसे होती तरीही.

गुन्ह्यामागे पैसा, जमीन किंवा बाई शोधा, असे आम्हाला शिकवले होते. गुन्हेगाराची वाट पाहणारा माणूसही असतो, हे मला काकांनी शिकवले. तेव्हा मला त्यांची फक्त दया आली होती. ते पुरते समजायला माझे वय व्हावे लागले.

आता बायको नाही. मुलगा परदेशात, नातीशी फोनवर माझे बोलणे दोन वाक्यांत संपते. रविवारी पस्तीवाला, म्हणजे रद्दीवाला, येतो, जुनी वर्तमानपत्रे तोलतो. मी त्याला बसवतो आणि चहा देतो. जाताना तो एवढीच का म्हणून विचारतो, "बस काका, आटलीज?"

"थोडी बाकी छे," मी सांगतो. "आवता रविवारे आवजे."

माझ्या पलंगाखाली वर्तमानपत्रांचा एक गठ्ठा कायम असतो.