हळदीच्या गाण्यातलं नाव

हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही. भावाला नाही, युसुफला पण नाही. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही काही माझ्या घरी येऊन माझं तोंड बघणार नाही.

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून केलं ते केळीचे वेफर. माझी बायको कौसल्या किसणीवर कच्ची केळी थेट कढईत पाडत होती, मी झाऱ्यानं काढत होतो. मिठाचं पाणी माझ्या हातून जास्त पडलं. बोलली, "जन्म गेला, तुमच्या हाताला अंदाज म्हणून आला नाही." मंग कढईकडे बघतच — "वंदीनं ऐकलं असेल ना?" मी बोललो, "ऐकलं असेल." दिवेलागणीला ती भिंतीला टेकून बसली, छातीत दुखतं म्हणाली, आणि रिक्षा येईपर्यंत संपली.

ते 'ऐकलं असेल' — त्याचंच सांगायचं आहे. पण सरळ निघत नाही तोंडातून. आधी बँडचं सांगतो.

मी चौथी शिकलेलो. ढोलकी वाजवत स्टुडिओत आलो आणि बटणं दाबायला तिथंच शिकलो. राजपुऱ्यात एक खोली, भिंतींना गाद्या ठोकलेल्या. शेजारी पॉवरलूम, म्हणून लूम बंद असेल त्याच दिवशी रेकॉर्डिंग. मी, युसुफ, प्रकाश — तिघं मिळून दुसऱ्यांच्या गाण्यांना म्युझिक बनवायचो. लग्नाची गाणी, देवीची गाणी. गाणं गावोगाव वाजायचं, आम्हाला कुत्रं ओळखत नव्हतं. मंग युसुफच्या डोक्यात आलं की आपणच स्टेजवर जाऊ. असा बँड बनला. प्रकाशची बायको बोलली, "उंदरं बिळातून निघाले, आता मांजरीला पण बोलवा."

गाणारी बाई शोधावी लागली नाही. आमचं हळदीचं गाणं सगळ्यात जास्त चाललं होतं, त्यात आवाज कौसल्याचाच.

हळदीच्या गाण्यात नवरीचं नाव घेतात. बापाचं घेतात, मामाचं घेतात. नावच नाही घेतलं तर हळद लागली कोणाला? पण रेकॉर्डिंगमध्ये मी नावाच्या जागी नुसतं 'नवरी बाई' ठेवलं. गाणं सगळ्यांच्या लग्नात चाललं पाहिजे ना.

आणि वंदीला, आमच्या एकुलत्या पोरीला, हळदच लागली नाही. तिनं जातीबाहेर, कोर्टात लग्न केलं. मी बोललो, या घरात पाय ठेवायचा नाही. तिनं ठेवला नाही. कौसल्या माझ्या मागे फोनवर बोलायची, मला माहीत होतं.

राजघाटावर जत्रेत आमचा कार्यक्रम ठरला. कौसल्या भांडे घासताना पण गायला लागली. एक दिवस बोलली, "मी वंदीला ये म्हटलं. स्टेजवरून तिचं नाव घेणार. तुम्ही नका बोलू तिच्याशी, मला काही म्हणणं नाही." मी हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. तिनं त्याचा अर्थ हो धरला.

मला भीती वाटली — दुसरं काय? समोर सगळा समाज बसणार. त्या पोरीचं नाव, त्याच्या मागे माझं नाव, भोंग्यातून पार नदीपर्यंत. लोक काय म्हणतील? इतकंच होतं. याच्यापेक्षा मोठं काही माझ्या डोक्यात नव्हतं.

युसुफला सांगितलं, कौसल्याचा श्वास पुरत नाही, या गाण्याला रेकॉर्डिंग सोडू. तो बोलला, "क्या भाई, भाभीचा श्वास तर तुमच्यापेक्षा लंबा आहे." मी बोललो, "बायको माझी आहे का तुझी?"

स्टुडिओवाल्याला हे काम काय अवघड? गाणाऱ्याच्या कानाला हेडफोन असतो, आणि आम्ही सोडू तेच त्याला ऐकू येतं. कौसल्याला तिच्या सवयीचा हेडफोन घातला. कानात तिचाच माइक सोडला. बाहेर भोंग्यांना तो माइक बंद, तिकडे जुनं रेकॉर्डिंग. ताल तोच, चाल तीच. ती गात होती, लोक ऐकत होते — आणि दोन्ही गाणी वेगळी होती.

नावाची जागा आली तेव्हा तिनं डोळे मिटले. ओठ हलले. वंदना. मंग माझं नाव. मंग वंदीच्या मामाचं. भोंग्यातून आलं — नवरी बाई, नवरी बाई. ओठांकडे कोण बघतं? मी बघत होतो. पोरगी बायकांच्या बाजूला खांबाशी उभी होती, ती पण मला दिसत होती. गाणं संपायच्या आत निघून गेली.

कौसल्या खाली उतरली. बोलली, "घेतलं मी." मी बोललो, "चांगलं झालं."

त्याच्यानंतर वंदीनं फोन उचलला नाही. कौसल्या रोज लावायची. म्हणायची, पोरीचं मन भरून आलं असेल, बोलवत नसेल तिला. मी बाजूला बसून चहा प्यायचो. तेव्हा सांगता आलं नसतं का? आलं असतं. कितीदा तोंडाशी आलं असं म्हटलं तर खोटं होईल — एकदाही आलं नाही. उलट मला बरं वाटत होतं.

ती गेली तेव्हा रडू आलं नाही. अजून पण नाही. जेवतो, झोपतो. आतमध्ये हात घातला तर काही हाताला लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वंदी आली. मायच्या पायाशी बसली. बायका अंगणात पाणी तापवत होत्या, खोलीत आम्ही दोघंच. माझ्याकडे न बघता बोलली, "बाबा, नाव घेते म्हणून मायनं मला बोलावलं होतं. मंग ऐन वेळेला का नाही घेतलं तिनं?"

कौसल्या आमच्या मध्ये होती.

मी बोललो, "विसरली असेल. विसरायला लागली होती ती."

वंदीनं मान हलवली. बाहेरून कोणीतरी हाक मारली, बांबू आले म्हणून. मी उठलो आणि तिरडी बांधायला गेलो.